टेपवरचा पाच मायक्रॉनचा घोळ

‘लग्नाच्या जुन्या कॅसेटी फोर-केमध्ये करून मिळतील’ अशी जाहिरात दिसली की मला हसू येतं. व्हीएचएस टेपवर आडव्या दिशेने जेमतेम २४० रेषांचा तपशील असतो. टेपवर नसलेली शालूची नक्षी सॉफ्टवेअर अंदाजाने काढतं, आणि त्याच अंदाजाने आजीला भलतंच नाकही बसवतं.

खरा घोळ वेगळाच आहे. टेप सेकंदाला फक्त २.३ सेंटिमीटर सरकते, पण प्लेयरमधला ६२ मिलिमीटर व्यासाचा ड्रम सेकंदाला २५ फेरे मारतो, त्यामुळे त्यावरची चित्र वाचणारी हेड्स टेपवरून सेकंदाला सुमारे ४.९ मीटर वेगाने तिरकी धावतात. आपल्याकडच्या पाल या टीव्ही पद्धतीत चित्राच्या एका ओळीला ६४ मायक्रोसेकंद मिळतात. म्हणजे टेपवर एक अख्खी ओळ ०.३ मिलिमीटरमध्ये मावते! आता टेप तिथे पाच मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) ताणली गेली, तर ओळ एक मायक्रोसेकंद उशिरा सुरू होते. पडद्यावर दिसणारा भाग ५२ मायक्रोसेकंदांचा, म्हणून अर्ध्या मीटर रुंदीच्या पडद्यावर ती ओळ जवळपास एक सेंटिमीटर सरकते. प्रत्येक ओळीचा घोळ थोडा वेगळा, त्यामुळे मांडवाचे खांब नागमोडी दिसतात.

जुना डबा टीव्ही प्रत्येक ओळीच्या आधी येणारा सिंक पल्स, म्हणजे ओळ सुरू होत असल्याची खूण, बघून बऱ्यापैकी सांभाळून घ्यायचा. संगणकाला जोडायचं स्वस्त कॅप्चर यंत्र ठरल्या तालाने नमुने घेत सुटतं, त्यामुळे ओळींचा घोळ तसाच फाइलमध्ये उतरतो. मध्ये टाइम बेस करेक्टर असेल, तर तो प्रत्येक ओळ मेमरीत धरतो आणि पक्क्या घड्याळाच्या ठोक्याला सोडतो. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसची सुधारित आवृत्ती) प्लेयरांत तो आतच असतो. हे काम टेप संगणकावर उतरवतानाच व्हायला हवं. सिंक पल्स फाइलमध्ये उतरतच नाहीत, मग नंतर दुरुस्त कशाच्या आधारे करणार?

प्लेयरला एस-व्हिडिओ, म्हणजे उजेड आणि रंग वेगवेगळे बाहेर देणारी जोडणी, असेल तर तीच वायर लावा. टेपवर उजेड आणि रंग वेगवेगळेच नोंदलेले असतात, ते एकत्र करून पुन्हा फोडायचे कशाला? डीव्हीडीसाठी ७२० बाय ५७६ पुरे. ४.७ जीबीच्या डिस्कवर तासाभराचंच चित्रण घ्या. टेपची खरखर बिटरेट (दर सेकंदाच्या चित्राला मिळणारी डिस्कवरची जागा) खाते, दोन-तीन तास कोंबले की चौकोन दिसू लागतात. आणि रिळावर पांढरी बुरशी दिसली, तर कॅसेट साफ केल्याशिवाय प्लेयरमध्ये घालू नका. ती हेड्सना चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटलाही लागते.