डोंगराआडून झाडाआड: कोकणातल्या घरी टीव्हीचा सिग्नल

2 ऑक्टोबर 1972 ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं. वरळीच्या मनोऱ्यावरून प्रक्षेपण व्हायचं ते चार नंबरच्या चॅनलवर, म्हणजे 61 ते 68 मेगाहर्ट्झवर. ही लहर साडेचार मीटरहून लांब. तिच्यासाठी अँटेनाचा मुख्य दांडा सुमारे सव्वादोन मीटरचा लागे. पाच ते बारा नंबरच्या चॅनलना पाऊण मीटरच्या आसपासचा पुरायचा.

एवढ्या लांब लहरीला आंबा-फणसाची झाडी फारशी अडवत नाही. अडवतो तो डोंगर. त्यामुळे खालच्या वाडीत लोखंडी पाईपला पाईप जोडून, तीन बाजूंनी तारेचे ताण देऊन, अँटेना कौलांच्या बरीच वर न्यावी लागे. तरी पडद्यावर मुंग्या दिसल्या की बूस्टर आणायचा, आणि तिथेच हमखास चूक व्हायची. टीव्हीजवळ बसवलेला बूस्टर वायरीत आलेल्या खरखरीसकट सगळंच मोठं करतो. त्याची जागा वर, अँटेनापाशी. दुसरी चूक पट्टी वायरीची. 300 ओहमची ती चपटी वायर पाईपला घट्ट बांधली, किंवा पावसाने ओली झाली, की सिग्नल वाटेतच गळतो. चित्राला सावली पडत असेल तर लहर समोरच्या डोंगरावर आपटून दुसऱ्यांदा येते असं समजावं. अशा वेळी अँटेना थोडी फिरवून कमी जोराचा पण एकेरी सिग्नल घेतलेला बरा.

ऑगस्ट 1983 मध्ये इन्सॅट-1बी हा उपग्रह सोडला गेला आणि 1984 मध्ये 100 वॅटचे लघुशक्ती प्रक्षेपक देशभर धडाक्याने उभे राहिले. कार्यक्रम उपग्रहावरून उतरवून गावाच्या परिसरात परत सोडायचे, असं त्यांचं काम. पण प्रक्षेपक खिंडीपलीकडे असेल तर वाडी कोरडीच.

डिसेंबर 2004 मध्ये डीडी डायरेक्ट प्लस आलं, म्हणजे उपग्रहावरून थेट घरच्या डिशवर उतरणारी दूरदर्शनची मोफत सेवा. तेच आजचं फ्री डिश. जमिनीवरचे ॲनालॉग प्रक्षेपक पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाले. 2016 पासूनचं डिजिटल प्रक्षेपण महाराष्ट्रात मुंबई आणि औरंगाबादेतून सुरू झालं. कोकणातल्या वाडीला त्याचा उपयोग नाही. जुन्या अँटेना आता वाल-पडवळाचे वेल चढवायला बऱ्या.

डिशमुळे डोंगराचा प्रश्न बहुतेक सुटला, पण झाडाचा नव्याने उभा राहिला. फ्री डिशची लहर जेमतेम पावणेतीन सेंटिमीटरची, आंब्याचं पान तिच्याहून मोठं. त्यात पान ओलं असेल तर सिग्नल शोषलाच जातो. उन्हाळ्यात बसवलेली डिश जूनमध्ये रुसते, कारण तोवर फांदीला नवी पालवी फुटून ती दाट झालेली असते.

फ्री डिशचा उपग्रह 93.5 अंश पूर्व रेखांशावर. रत्नागिरीच्या आसपासहून तो आग्नेयेला, उत्तरेपासून साधारण 129 अंशांवर आणि क्षितिजापासून जवळपास 60 अंश वर आहे. म्हणजे डिशपेक्षा दहा मीटर उंच झाड त्या दिशेला किमान सहा मीटर दूर हवं, फांद्यांच्या टोकापासून मोजून. डिशच्या तोंडावरून मात्र अंदाज बांधू नये. ती तिरप्या घडणीची असल्याने प्रत्यक्षाहून 22 ते 25 अंश खाली पाहतेय असं वाटतं, आणि मग भलतीच फांदी तोडली जाते. अंगणात मोकळी फट सापडली तर डिश छपराऐवजी तिथेच जमिनीलगत, सिमेंटात रोवलेल्या खांबावर बसवावी. केबल घरात शिरण्याआधी खाली लोंबता वळसा द्यावा, म्हणजे पागोळ्यांचं पाणी तिच्यावरून ओघळत आत येत नाही.