मुहूर्त मतपेटीतून निघतो तेव्हा

अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८च्या मे महिन्यात समलिंगी विवाहाला मान्यता दिली. जूनमध्ये नोंदणी सुरू झाली, पण ४ नोव्हेंबरला याच विवाहांवर बंदी घालणाऱ्या ‘प्रपोझिशन ८’ या प्रस्तावावर जनतेचं मतदान होतं. मधल्या जेमतेम साडेचार महिन्यांत सुमारे १८,००० जोडप्यांनी लग्न उरकलं. बंदी मंजूर झाली. २००९ साली न्यायालयाने बंदी कायम ठेवली, मात्र आधी झालेली लग्नं वैध ठरवली. घाई केलेले विवाहित राहिले. ‘पुढच्या वर्षी करू’ म्हणणाऱ्यांना २०१३पर्यंत थांबावं लागलं.

ही घाई कशासाठी, हे एडिथ विंडसर यांच्या खटल्यावरून कळतं. त्यांची जोडीदार २००९ साली वारली. केंद्र सरकार या दोघींचं लग्न मानत नव्हतं, म्हणून वारसा कर म्हणून ३,६३,०५३ डॉलर भरावे लागले. २०१३ साली त्या अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जिंकल्या.

राजकारणाचा ताण मनावरही उमटतो. मानसशास्त्रज्ञ मार्क हॅट्झनब्युलर आणि सहकाऱ्यांनी २०१० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांच्याकडे त्याच माणसांच्या २००१-०२ आणि २००४-०५ अशा दोन मुलाखती होत्या, आणि मधल्या काळात काही राज्यांनी घटनादुरुस्ती करून समलिंगी विवाहावर बंदी आणली होती. त्या राज्यांतल्या समलिंगी आणि उभयलैंगिक व्यक्तींमध्ये नैराश्यासारखे भावविकार सुमारे ३७ टक्क्यांनी वाढले. बंदी न आणलेल्या राज्यांत तशी वाढ दिसली नाही. मला हा अभ्यास फार मोलाचा वाटतो, कारण असा प्रयोग मुद्दाम करणं कुणालाच शक्य नव्हतं.

अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५च्या ओबर्गफेल निकालाने देशभर समलिंगी विवाहाचा हक्क दिला. पण २०२२ साली गर्भपाताचा हक्क रद्द करणाऱ्या निकालात त्याच न्यायालयाचे न्यायमूर्ती थॉमस यांनी आपल्या स्वतंत्र मतात ओबर्गफेलचाही फेरविचार व्हावा, असं लिहिलं. त्याच डिसेंबरात संसदेने संरक्षक कायदा केला, तरी त्यात एक फट आहे. झालेलं लग्न प्रत्येक राज्याने मानायचं, पण ओबर्गफेल रद्द झाला तर नवीन लग्न लावून देण्याची सक्ती राज्यांवर नाही. म्हणून २०२४च्या अध्यक्षीय निवडणुकीनंतर अनेकांनी लग्नाच्या तारखा अलीकडे ओढल्या. भीतीपोटी लग्न नको, असं म्हणणारेही आहेत, आणि त्यांचंही मला पटतं.

काही जोडप्यांना तर लग्नाचा कागदही पुरेसा वाटत नाही. जन्मदाखल्यावर दोघींची नावं असूनही ती न्यायालयात जाऊन स्वतःचंच मूल दत्तक घेतात, कारण दत्तकाचा आदेश दुसऱ्या राज्यालाही मानावाच लागतो.