कोंबडीच्या पिल्लात कॅल्शियम नसतं?

एक दिवसाचं कोंबडीचं पिल्लू खायला दिलं की पाळीव सापाची हाडं ठिसूळ होतात, हा समज चुकीचा आहे. साप पिल्लू हाडांसकट अख्खं गिळतो. कॅल्शियम मोठ्या उंदरापेक्षा कमी मिळतं, पण मिळतं. हाडं बिघडतात ती नुसत्या मांसाच्या तुकड्यांनी. पिल्लं खाल्ल्यावर सापाची विष्ठा मात्र पातळ, उग्र वासाची होते. लगेच घाबरू नका.

गोठवलेलं पिल्लू रात्रभर फ्रीजमध्ये वितळू द्या, मग पिशवीत घालून कोमट पाण्यात ठेवा. पोट हलकेच दाबून पाहा: गार, कडक गोळा लागला तर पिल्लाच्या पोटात उरलेला अंड्याचा बलक अजून गोठलेलाच आहे, थांबा. मायक्रोवेव्ह नकोच, पिल्लू फुटतं. चिमट्यानेच द्या आणि साल्मोनेला या जंतूंमुळे हात साबणाने धुवा. उंदीरही आलटून पालटून द्या, नाहीतर पिल्लांची चटक लागलेला साप उंदराला तोंड लावत नाही.