वर्ल्ड कपची पहिली हॅटट्रिक स्ताबिलेची नव्हे

फुटबॉल वर्ल्ड कपमधली पहिली हॅटट्रिक अर्जेंटिनाच्या गियेर्मो स्ताबिलेची, हे उत्तर क्विझमध्ये आजही ऐकू येतं. ते चूक आहे. स्ताबिलेने मेक्सिकोविरुद्ध तीन गोल केले १९ जुलै १९३० रोजी. त्याच्या दोनच दिवस आधी, १७ जुलैला, माँटेव्हिडिओच्या पार्के सेंत्राल मैदानावर अमेरिकेने पॅराग्वेला ३-० हरवलं होतं आणि तिन्ही गोल बर्ट पॅटनोडचे होते: १०व्या, १५व्या आणि ५०व्या मिनिटाला.

घोळ झाला तो दुसऱ्या गोलचा. काही नोंदींत तो त्याचा सहकारी टॉम फ्लोरीच्या नावावर, तर काहींत पॅराग्वेचा स्वयंगोल म्हणून लागला. त्यामुळे पॅटनोडच्या खात्यात दोनच उरले. अखेर नोव्हेंबर २००६ मध्ये फिफाने हा वादाचा गोलही पॅटनोडचाच मानला. ही दुरुस्ती पाहायला तो हयात नव्हता. १९७४ मध्येच तो गेला.

हा सामना म्हणजे नशिबाचा एखादा दिवस नव्हता. फॉल रिव्हर या मॅसॅच्युसेट्समधल्या गिरणीगावात जन्मलेला हा सेंटर फॉरवर्ड तेव्हा अवघा २० वर्षांचा होता. अमेरिकेसाठी तो चारच सामने खेळला, त्यांत सहा गोल! स्ताबिलेचं मोठेपण यात कमी होत नाही. त्या स्पर्धेत सर्वाधिक, आठ गोल त्याचेच.