न्यूक्लिअर मेडिसिन विभाग बंद करणे

न्यूक्लिअर मेडिसिन विभाग (किरणोत्सारी औषधे देऊन तपासणी व उपचार करणारा रुग्णालयाचा विभाग) कायमचा बंद करताना तेथील किरणोत्सारी पदार्थांची विल्हेवाट लावून जागा इतर वापरासाठी निर्धोक करण्याची प्रक्रिया. यासाठी मुंबईतील अणुऊर्जा नियामक मंडळाची (स्थापना १९८३) परवानगी लागते. जबाबदारी परवानाधारक रुग्णालयाची असते. देखरेख किरणोत्सार सुरक्षा अधिकारी करतो.

रोजच्या वापरातले बहुतेक पदार्थ अल्पजीवी असतात. टेक्नेशियम-९९एमचे अर्धायुष्य (किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ) सहा तास, आयोडीन-१३१चे आठ दिवस. दहा अर्धायुष्ये उलटली की सुमारे एक हजारांश भाग उरतो. म्हणजे टेक्नेशियमच्या सिरिंजा अडीच दिवसांत निवतात, आयोडीनच्या कचऱ्याला ऐंशी दिवस थांबावे लागते. थायरॉइड कर्करोगाच्या रुग्णांचे मलमूत्र साठवणाऱ्या डिले टाक्या शेवटचा रुग्ण घरी गेला म्हणून लगेच रिकाम्या करता येत नाहीत. नाशिकमध्ये तर सांडपाण्याची वाट शेवटी गोदावरीकडे जाते. इथे घाई अजिबात नको.

खरी काळजी घ्यायची ती कपाटातल्या छोट्या वस्तूंची. डोस कॅलिब्रेटर (रुग्णाला द्यायची मात्रा मोजणारे यंत्र) तपासण्यासाठी ठेवलेली सीझियम-१३७ची सीलबंद कुपी मुठीत मावते, पण तिचे अर्धायुष्य तीस वर्षांचे. ती साठा नोंदवहीशी ताडून, मंडळाच्या परवानगीने पुरवठादाराकडे किंवा अधिकृत कचरा केंद्राकडेच पाठवावी लागते. रुग्णाच्या शरीरातून येणारे किरण टिपणाऱ्या गॅमा कॅमेऱ्यात स्वतःचा किरणोत्सार नसतो. तरी तो आणि किरण अडवणाऱ्या शिशाच्या विटा तपासल्याशिवाय विकू नयेत. शिशाला भाव चांगला येतो. नाशिकच्या अंबड-सातपूर औद्योगिक पट्ट्यातल्या भंगारवाल्याला त्यावरचा किरणोत्सारी डाग दिसणार नाही, आणि त्याला तो कळावा अशी अपेक्षा ठेवणेही अन्यायाचे आहे. २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात कोबाल्ट-६० असलेले प्रयोगशाळेचे जुने यंत्र फोडले गेले आणि एकाचा बळी गेला. ते उपकरण न्यूक्लिअर मेडिसिनचे नव्हते, पण चूक याच जातीची होती: वापर थांबला आणि हिशोब ठेवायचा राहिला.

शेवटी हॉट लॅबचा (किरणोत्सारी औषधे तयार करण्याच्या खोलीचा) ओटा, सिंक, फरशीचे सांधे, रुग्णांचे स्वच्छतागृह सर्व्हे मीटरने, म्हणजे किरणोत्सार मोजणाऱ्या हातातल्या यंत्राने तपासतात. शिवाय ठिकठिकाणी ओलसर कागद पुसून तो मोजतात, कारण पुसून निघणारे प्रदूषण हाताला लागून पोटात जाऊ शकते. जागा भाड्याची असेल, तर मालकाला किल्ली देण्याआधी हे पूर्ण व्हावे. किरणोत्साराची चिन्हे ही तपासणी झाल्यावरच काढावीत. कर्मचाऱ्यांच्या टीएलडी बॅजवरील (अंगाला लागलेला किरणोत्सार मोजणारा बिल्ला) मात्रेच्या नोंदी मात्र विभाग बंद झाल्यावरही जपून ठेवाव्या लागतात.