थॅलेसेमिया, सिकलसेल आणि गर्भारपणाचे पहिले बारा आठवडे

गर्भारपणाच्या पहिल्या तपासणीत डॉक्टर रक्ताचा साधा रिपोर्ट मागवतात, तेव्हा सगळ्यांची नजर हिमोग्लोबिनवर जाते. साडेनऊ आहे, दहा आहे, म्हणजे लोह कमी, गोळ्या सुरू. बहुतेक वेळा ते बरोबरच असतं. पण त्याच कागदावर आणखी दोन आकडे असतात: तांबड्या पेशींची संख्या आणि एका पेशीचं सरासरी आकारमान, म्हणजे एमसीव्ही. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात आणि त्यांची संख्याही घटते. थॅलेसेमिया हा हिमोग्लोबिन पुरेसं न बनण्याचा आनुवंशिक आजार; त्याचं एकच सदोष जनुक असलं की त्याला थॅलेसेमिया मायनर म्हणतात. अशा बाईच्या पेशीही लहानच असतात, पण संख्या भरपूर, कधीकधी मायक्रोलिटरमागे ५५ लाखांच्या वर. हे चित्र दिसलं की एचपीएलसी ही तपासणी करून हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे मोजायचे असतात. त्यातलं ए-टू हिमोग्लोबिन एरवी ३ टक्क्यांच्या आसपास असतं. ते ४ टक्क्यांच्या वर गेलं, तर ती बाई बीटा थॅलेसेमियाची वाहक असते.

वाहक म्हणजे आजारी नव्हे. तिला आयुष्यभर कळणारही नाही. प्रश्न उभा राहतो तो नवऱ्याचं रक्त तपासल्यावर. तोही वाहक निघाला, तर प्रत्येक गर्भारपणात बाळाला थॅलेसेमिया मेजर, म्हणजे प्रत्यक्ष आजार, होण्याची शक्यता चारात एक. 'पहिलं मूल आजारी निघालं, म्हणजे पुढची तीन चांगली' असा हिशेब अनेक घरांत मांडला जातो आणि तो साफ चुकीचा आहे. दर वेळी फासे नव्यानं पडतात.

भारतात दरवर्षी सुमारे १० हजार मुलं थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, असा अंदाज आहे. जन्मतः बाळ टवटवीत दिसतं, कारण तोवर गर्भातलं हिमोग्लोबिन काम भागवत असतं. ते ओसरू लागलं की साधारण सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत आजार उघड होतो, आणि मग दर तीन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. त्या रक्तातलं लोह हृदयात, यकृतात साठत जातं. ते काढायला रोजची औषधं. सिंधी, लोहाणा, पंजाबी, कच्छी भानुशाली या समाजांत वाहकांचं प्रमाण जास्त आहे, पण म्हणून इतरांनी निश्चिंत राहावं असं नाही.

गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबारकडे याच जनुकाचा दुसरा बिघाड आढळतो: सिकलसेल. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीच्या सांकेतिक लिपीत एकच अक्षर बदललेलं असतं. त्यामुळे साखळीत ग्लुटामिक आम्ल या अमिनो आम्लाच्या जागी व्हॅलिन हे दुसरं येतं आणि ऑक्सिजन कमी पडताच पेशी विळ्यासारखी वाकते. तिकडे लोक 'एएस' आणि 'एसएस' असंच म्हणतात: एएस वाहक, एसएस रुग्ण. हे दोष टिकून का राहिले, याचं उत्तर मलेरियात आहे. वाहकांना जीवघेण्या फाल्सिपेरम मलेरियापासून काही प्रमाणात संरक्षण मिळतं, म्हणून जिथे पिढ्यान् पिढ्या मलेरिया होता तिथे हे जनुक तगलं. एक जोडीदार सिकलसेलचा वाहक आणि दुसरा थॅलेसेमियाचा, अशी जोडीही जोखमीचीच, आणि नेमकी हीच शक्यता नजरेतून सुटते.

दोघंही वाहक आहेत हे कळल्यावर मग बाळाची तपासणी. अकराव्या ते तेराव्या आठवड्यात, सोनोग्राफीत पाहत पाहत, पोटातून बारीक सुई घालून वारेचे काही मिलिग्रॅम तंतू काढले जातात. वार बाळासोबत त्याच फलित अंड्यातून वाढते, म्हणून तिच्यातला डीएनए बाळाचाच. दहा आठवड्यांच्या आत हे करत नाहीत, कारण बाळाच्या हातापायांच्या वाढीत दोष येण्याचा धोका दिसून आला आहे. ही वेळ टळली तर पंधरा आठवड्यांनंतर गर्भजल काढून त्यातल्या पेशी तपासता येतात. सुईमुळे गर्भपात होण्याचा धोका असतो. सरावलेल्या हातांत तो अर्ध्या टक्क्याहून कमी असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर तिच्या शरीरात बाळाच्या रक्ताविरुद्ध प्रतिद्रव्यं बनू नयेत म्हणून अँटी-डीचं इंजेक्शन द्यावं लागतं.

प्रयोगशाळेत पहिलं काम डीएनए वाचण्याचं नसतं. सूक्ष्मदर्शकाखाली त्या तंतूंना चिकटलेले आईच्या पेशींचे कण एक एक करून वेगळे करावे लागतात. ते राहिले तर आईचाच डीएनए बाळाचा म्हणून वाचला जाईल आणि आजारी बाळाला 'वाहक' ठरवलं जाईल. म्हणून शेवटी आईच्या डीएनएशी ताडून पाहिलं जातं. रिपोर्टमधल्या एका ओळीमागे एवढी निगुती असते, हे मला फार मोलाचं वाटतं.

डीएनएवरून सिकलसेलचं गर्भातलं निदान पहिल्यांदा जमलं ते १९७८ मध्ये, सॅन फ्रान्सिस्कोत. युएट वाई कान आणि आंद्रे डोझी या संशोधकांना तेव्हा ते बदललेलं अक्षर थेट वाचता येत नव्हतं. एका विकराने (एन्झाइमने) डीएनए कापल्यावर सिकलसेलच्या जनुकासोबत बहुधा लांब तुकडा येतो, एवढं त्यांच्या ध्यानात आलं, आणि त्या लांबीवरून त्यांनी गर्भजलातल्या पेशींचं निदान केलं. पुढे पीसीआर हे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याचं तंत्र आलं आणि नेमकं अक्षरच तपासता येऊ लागलं. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारातली आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्था हे काम अनेक वर्षं करत आली आहे.

'हल्ली आईच्या नुसत्या रक्तातून सगळं कळतं ना?' असं बरेच जण विचारतात. आईच्या रक्तद्रवात बाळाच्या वारेतून आलेल्या डीएनएचे तुकडे फिरत असतात, हे संशोधक डेनिस लो यांनी १९९७ मध्ये दाखवलं. त्यावर उभी असलेली एनआयपीटी ही आईच्या रक्ताची तपासणी डाउन सिंड्रोमसारख्या गुणसूत्रांच्या दोषांसाठी उत्तम चाळणी आहे. पण त्या रक्तातले दहापैकी नऊ तुकडे आईचेच. आई स्वतः वाहक असल्यावर दिसलेलं सदोष अक्षर तिचं की बाळाचं, हे नेहमीच्या एनआयपीटीला सांगता येत नाही. एनआयपीटी नॉर्मल आली म्हणून थॅलेसेमियाची तपासणी सोडून देणं, ही मला आजची सगळ्यात धोक्याची गैरसमजूत वाटते.

आणि अचूक रिपोर्टलाही मर्यादा असतेच. थॅलेसेमिया मेजरमध्ये पुढचं आयुष्य कसं असेल याची बरीच कल्पना देता येते. सिकलसेलचं तसं नाही. भारतातल्या अनेक एसएस रुग्णांत गर्भातलं हिमोग्लोबिन मोठेपणीही बऱ्यापैकी टिकतं आणि आजार सौम्य राहतो. काहींना मात्र वारंवार असह्य वेदना, फुप्फुसाचा त्रास, पक्षाघातही होतो. यापैकी काय वाट्याला येईल, हे रिपोर्ट सांगत नाही. म्हणून तो हातात देताना समुपदेशकानं शेजारी बसायला हवं आणि निर्णय त्या आईबापांचाच राहायला हवा. गर्भ वाढवायचं ठरवणाऱ्या जोडप्यालाही या निदानाचा उपयोग आहे: बाळावर पहिल्या महिन्यांपासून पेनिसिलिन, लसी, योग्य देखरेख सुरू करता येते.

गर्भजल परीक्षणाचा मुली पाडण्यासाठी इतका दुरुपयोग झाला, की देशात पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रालाच करावा लागला. केंद्राचा १९९४ चा. हिमोग्लोबिनच्या आजारांसाठी ही तपासणी कायद्यात बसते, पण बाळाचं लिंग सांगता येत नाही आणि बाईला समजेल त्या भाषेत लेखी संमती घ्यावी लागते. गर्भपाताच्या कायद्यातही आठवडे मोजले जातात. २०२१ च्या दुरुस्तीनंतर २४ आठवड्यांपुढे, बाळात गंभीर दोष असल्यास, वैद्यकीय मंडळाची परवानगी लागते.

आता उलट मोजून बघा. तंतू काढायचे बाराव्या आठवड्यात, तर त्याआधी दोघांच्या जनुकात नेमका कुठे बिघाड आहे हे कळायला हवं. त्याआधी नवऱ्याची एचपीएलसी, त्याआधी बायकोची. म्हणजे आठव्या आठवड्यात सुरुवात झाली तरी धावपळच. गोळ्या देऊन तीन महिन्यांनी पुन्हा हिमोग्लोबिन बघू म्हटलं, की ही सगळी संधी गेली. शिवाय लोहाची खरीच कमतरता असेल तर ए-टूचा आकडा खाली येऊन वाहक असणं झाकलं जाऊ शकतं, म्हणून काठावरचा आकडा 'नॉर्मल' म्हणून सोडू नये.

ज्यांची ही तपासणी एकदा झाली आहे, त्यांनी दोघांचे डीएनए रिपोर्ट जपून ठेवावेत. पुढच्या खेपेला निम्मं काम झालेलं असतं. आणि घरात एक जण वाहक निघाला, तर त्याचं प्रत्येक सख्खं भावंडही वाहक असण्याची शक्यता किमान निम्मी. धाकट्या नणंदेचं, दिराचं लग्न ठरायचं असेल, तर त्यांची एचपीएलसी आताच करून घ्यावी.