लाकडी बेसबॉल बॅट टिकते कशावर? : पार्श्वभूमी

मेपलच्या चांगल्या दर्जाच्या बेसबॉल बॅटवर मुठीच्या जरा वर, उघड्या लाकडावर, शाईचा एक बारीक ठिपका असतो. नवखं गिऱ्हाईक त्याला डाग समजून बोटाने पुसून बघतं. तो डाग नाही, लाकडाची परीक्षा आहे. मेपलची छिद्रं इतकी सूक्ष्म असतात की तंतू सरळ गेलेत की तिरके, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही. शाई मात्र तंतूंच्या वाटेनेच झिरपते. त्यामुळे ठिपक्याला एक लांबट शेपटी फुटते आणि ती बॅटच्या मध्यरेषेपासून किती कलली आहे ते मोजता येतं. अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये हा कल तीन अंशांपर्यंतच चालतो.

हौशी खेळाडूला लाकडी बॅट घेताना उपयोगी पडेल अशी एकच खूण सांगायची तर मी हीच सांगेन. गंमत अशी की दुकानात कुणाचं लक्ष तिच्याकडे जात नाही. लक्ष जातं ते बॅटवर कोरलेल्या नावाकडे, आणि ही सवय शंभराहून अधिक वर्षांची आहे.

केंटकी राज्यातल्या लुइव्हिल शहरात हिलरिक नावाच्या कुटुंबाचं कातकामाचं दुकान होतं. जिन्याचे कठडे, पलंगाचे खूर, लोणी काढायची झुलती घुसळणी असा माल तिथे लेथवर निघायचा. १८८४ मध्ये मालकाच्या सतरा वर्षांच्या मुलाने, बड हिलरिकने, पीट ब्राउनिंग या स्थानिक खेळाडूला मोडलेल्या बॅटऐवजी नवी बॅट कातून दिली, अशी कंपनीची दंतकथा आहे. ती जशीच्या तशी खरी असेलच असं नाही. एवढं खरं की वडिलांना बॅटच्या धंद्यात काही राम वाटत नव्हता आणि पोराला वाटत होता. पुढे ‘लुइव्हिल स्लगर’ हे नाव नोंदवलं गेलं आणि १९०५ मध्ये कंपनीने होनस वॅग्नर या मोठ्या खेळाडूशी करार करून त्याची सही बॅटवर उमटवायला सुरुवात केली. खेळाडूने पैसे घेऊन मालाला नाव देण्याच्या अगदी सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक.

तेव्हापासून गल्लीतला पोरगा वॅग्नरची बॅट मागू लागला. त्याला मिळायची ती सही आणि साधारण तसा आकार. वॅग्नरसाठी निवडलेलं लाकूड त्याला मिळत नव्हतं, कारण उत्तम ओंडके व्यावसायिक खेळाडूंसाठी बाजूला काढले जात आणि उरलेल्यातून दुकानाचा माल तयार होई. दर्जाची ही उतरंड आजही तशीच आहे. सर्वांत वरचा माल ‘प्रो ग्रेड’ आणि त्याखाली निरनिराळ्या गोंडस नावांनी विकली जाणारी प्रतवारी.

त्या काळच्या बॅट आज हातात घेतल्या तर मनगट दुखेल. त्यांतल्या बऱ्याच हिकरीच्या असत, आणि हिकरी हे चिवट, जड लाकूड. कुऱ्हाडीच्या दांड्याला अमेरिकन माणूस तेच वापरायचा. बेब रुथ या गाजलेल्या फलंदाजाची एक बॅट ५४ औंसांची, म्हणजे दीड किलोच्या वर होती. पण टिकण्याच्या बाबतीत खरा मान जो सीवेलचा. १९२० ते १९३३ या कारकिर्दीत हा गडी फक्त ११४ वेळा स्ट्राइकआउट (तीन ‘स्ट्राइक’ होऊन बाद) झाला आणि १४ हंगाम तो एकाच, ४० औंसांच्या बॅटने खेळला, असं त्याच्याबद्दल सांगितलं जातं. आजचा व्यावसायिक खेळाडू एका हंगामात डझनांनी बॅट मोडतो. लाकूड जाड होतं आणि सीवेल चेंडू बॅटच्या योग्य जागी घ्यायचा. या दोन गोष्टी जुळल्या तर बॅट मोडायला कारणच उरत नाही.

मग जाड बॅट गेली कुठे? फलंदाजांच्या लक्षात आलं की वजनापेक्षा वेग जास्त कामाचा. हलकी बॅट उशिरा फिरवायला घेतली तरी वेळेत चेंडूवर येते आणि चेंडू नीट पारखायला क्षणभर जास्त मिळतो. हिकरी मागे पडली आणि पेनसिल्व्हेनिया-न्यूयॉर्कच्या जंगलातला पांढरा ॲश पुढे आला. हलका, लवचिक, तरी मजबूत. टेड विल्यम्ससारखा चिकित्सक फलंदाज कारखान्यात जाऊन स्वतः लाकूड निवडायचा. १९६१ मध्ये रॉजर मॅरिसने ६१ होमरन (क्रिकेटच्या षटकारासारखे फटके) मारून रुथचा विक्रम मोडला, तेव्हा त्याची बॅट ३३ औंसांची होती. वजन घटवायचं तर लाकूड कुठून तरी काढायलाच हवं. ते बॅरलमधून, म्हणजे चेंडू मारायच्या जाड भागातून, काढलं तर फटका मरतो, म्हणून ते मुठीतून गेलं. जाड बॅरल आणि काडीसारखी मूठ असा आकार रूढ झाला आणि बॅट मोडायची जागाही तिथेच पक्की झाली.

ॲशचं एक बरं असतं, तो सांगून मरतो. त्याच्या दरवर्षीच्या वलयात वसंतात वाढलेला भाग सच्छिद्र आणि नंतरचा घट्ट असतो. मार खाऊन खाऊन सच्छिद्र थर दबतात आणि बॅरलवरून ढलप्या निघू लागतात. याच रचनेमुळे ॲशची बॅट कशी धरायची याचा नियम आला. वलयांच्या कडा जिथे समांतर रेषांसारख्या दिसतात त्या बाजूने चेंडू मारायचा. कंपनीचा छाप वर ठेवला की ती बाजू आपोआप चेंडूसमोर येते. १९५० च्या दशकातल्या वर्ल्ड सिरीजचा (मेजर लीगच्या अंतिम लढतीचा) एक किस्सा अमेरिकेत अजून रंगवून सांगतात. यष्टिरक्षकासारखा मागे बसलेला योगी बेरा हँक ॲरनला म्हणाला, बाबा, छाप वाचता येईल अशी बॅट धर, नाहीतर मोडेल. ॲरनचं उत्तर, मी इथे वाचायला आलेलो नाही.

हौशी खेळाडूंच्या हातून लाकूड सुटलं ते १९७० च्या दशकात. कारण सरळ होतं, पैसा. शाळा-कॉलेजच्या संघांना मोडक्या बॅटचा खर्च झेपेना. ॲल्युमिनियमची बॅट एकदा घेतली की पुष्कळ दिवस निघायची. कॉलेज बेसबॉलने १९७४ मध्ये धातूला परवानगी दिली आणि पाहता पाहता लाकूड जवळजवळ व्यावसायिकांपुरतं उरलं. धातूच्या पोकळ बॅटवरून चेंडू फार वेगाने सुटतो, त्यामुळे पिचरच्या (चेंडू टाकणाऱ्याच्या) जिवाला धोका वाढला. न्यूयॉर्क शहराने २००७ मध्ये हायस्कूलच्या सामन्यांत धातूच्या बॅटवर बंदीच घातली. कॉलेजांनी २०११ पासून धातूच्या बॅटची ‘उसळी’ जवळपास लाकडाइतकी खाली आणणारं मानक लावलं. मॅसॅच्युसेट्समधल्या केप कॉडची, कॉलेज खेळाडूंची उन्हाळी लीग मात्र १९८५ मध्येच लाकडाकडे परतली होती. लाकडाच्या बॅटने मारता येतं का हे तिथे उघडं पडतं, म्हणून निवडकर्ते आवर्जून जातात. आज मोठ्यांच्या हौशी लीगमध्ये आणि सरावाच्या जाळीत लाकडी बॅटला जे गिऱ्हाईक आहे, ते या उलट फिरलेल्या वाऱ्यामुळे.

या मधल्या काळात लाकूडही बदललं. ओटावाचा सुतार सॅम होलमन याला एका स्काउट (नवे खेळाडू हेरणाऱ्या) मित्राने बॅट फार मोडतात अशी तक्रार ऐकवली. होलमनने मेपलची बॅट बनवून पाहिली. टोरांटोच्या जो कार्टरने १९९७ मध्ये ती हातात घेतली आणि बातमी ड्रेसिंगरूममधून ड्रेसिंगरूममध्ये पसरली. २००१ मध्ये बॅरी बाँड्सने होलमनच्याच मेपलने ७३ होमरन मारले. त्यानंतर मेपलकडे वळणाऱ्या खेळाडूंची रीघ लागली. हौशी बाजार अर्थातच मागोमाग गेला. वॅग्नरच्या सहीची जागा आता बाँड्सच्या लाकडाने घेतली.

मेपल ॲशहून कठीण. त्याच्या ढलप्या निघत नाहीत, बॅरल दबत नाही, हातात ‘टणक’ लागतो. त्या अर्थाने तो जास्त टिकाऊच. पण मोडतो तेव्हा पूर्वसूचना देत नाही, आणि तंतू तिरके असतील तर दुभंगून टोकदार तुकडा भाल्यासारखा उडतो. २००८ च्या एप्रिलमध्ये लॉस एंजेलिसच्या मैदानावर अशाच तुकड्याने पिट्सबर्गच्या प्रशिक्षकाचा गाल फाडला. त्याच महिन्यात तिथेच एका प्रेक्षक बाईंचा जबडा मोडला. मग मेजर लीगने त्या हंगामात जुलैपासून मोडलेली प्रत्येक बॅट गोळा करायला सुरुवात केली. दोनेक महिन्यांत २,२३२ बॅट जमल्या. विस्कॉन्सिनमधल्या मॅडिसनच्या सरकारी वनोत्पादन प्रयोगशाळेच्या तज्ज्ञांनी त्या तपासल्या. मेपलच्या बॅटचे दोन किंवा अधिक तुकडे होण्याची शक्यता ॲशच्या तिप्पट निघाली. मुख्य दोष मेपलचा नव्हता, तंतूंच्या तिरकेपणाचा होता. ॲशमध्ये रेषा दिसतात म्हणून कारागीर तिरकं लाकूड आधीच बाजूला टाकतो. मेपलमध्ये दिसणाऱ्या रेषा सरळ असूनही आतले तंतू पीळ घेऊन जाऊ शकतात. करवतीने कापलेल्या ओंडक्यात हा धोका अधिक. पाचर मारून फोडलेलं लाकूड तंतूंच्याच वाटेने फुटतं.

शाईचा ठिपका आला तो या तपासणीतून. हलक्या, कमी घनतेच्या मेपलवर बंधनं आली आणि मेपलच्या बॅटवरचा छाप ९० अंशांनी फिरवला गेला, कारण मेपल वलयांच्या सपाट बाजूने मार जास्त सोसतो. गिऱ्हाइकाला यातलं काही लक्षात ठेवायची गरज नाही. छाप आकाशाकडे किंवा जमिनीकडे ठेवायचा, लाकूड कोणतंही असो. पुढच्या काही वर्षांत तुकडे होऊन उडणाऱ्या बॅट जवळपास निम्म्यावर आल्या.

ॲशकडे परतायचा रस्ता मात्र एका किड्याने बंद केला. २००२ मध्ये डेट्रॉइटच्या आसपास आशियातून आलेला, पाचूसारखा हिरवा चकचकीत भुंगेरा सापडला. त्याच्या अळ्या सालीखाली बोगदे पाडतात, रसवाहिन्या तुटतात आणि झाड उभ्याउभ्या वाळतं. कोट्यवधी ॲश असे गेले. २०१७ मध्ये पांढऱ्या ॲशची नोंद अतिसंकटग्रस्त प्रजातींत झाली. व्यावसायिक खेळात ॲशची बॅट आता क्वचितच दिसते. त्याची जागा काही प्रमाणात पिवळ्या बर्चने घेतली. बर्च मेपलपेक्षा लवचिक, त्यामुळे चुकीच्या फटक्याला जरा जास्त दाद देतो. सुरुवातीला थोडा मऊ लागतो, मग मार खाऊन घट्ट होतो.

जपाननेही हे दुःख वेगळ्या कारणाने पाहिलं. होक्काइदोचं आओदामो हे ॲशच्याच कुळातलं लाकूड तिथल्या नामांकित बॅटचा आधार होतं. तोड झाली, लागवड झाली नाही, आणि झाड बॅटएवढं व्हायला अनेक दशकं लागतात. तिकडे मोडलेल्या बॅटपासून जेवणाच्या चॉपस्टिक बनवून विकतात आणि लागवडीला हातभार लावतात.

हौशी खेळाडूचं गणित व्यावसायिकापेक्षा वेगळं का, हे या सगळ्यातून कळतं. बॅट बॅरलच्या मधल्या पट्ट्यात चेंडू लागल्याने सहसा मोडत नाही. चेंडू मुठीजवळ किंवा अगदी टोकाला लागला की ती वाकते आणि मुठीपाशी तुटते. हौशी माणूस असे फटके जास्त मारतो, आणि विकत घेतो ती नेमकी सर्वांत बारीक मुठीची, सर्वांत जाड बॅरलची, कुणा ताऱ्याच्या नावाची बॅट. लुइव्हिलच्या जुन्या नमुन्यांतला ११० हा जाड मुठीचा आणि बेताच्या बॅरलचा. दुकानदार नवशिक्याला बहुधा हाच काढून देतो आणि गिऱ्हाईक त्याला ‘म्हाताऱ्यांची बॅट’ म्हणून नाक मुरडतं. २७१ हा नमुना लोकप्रिय, पण त्याची मूठ ११० पेक्षा बारीक. लांबीचे इंच आणि वजनाचे औंस यांतला फरक दोन-तीनच ठेवावा. ३३ इंचाची बॅट २८ औंसांत मागणारा माणूस खरं तर कमी घनतेचं लाकूड मागत असतो.

इथे क्रिकेटवर वाढलेल्या मराठी वाचकाला एक सवय आड येते. विलोच्या बॅटवर आपण रेषा मोजतो. ती मोजणी ॲशवर थोडीफार चालते, मेपलवर जवळजवळ निरर्थक. तिथे शाई काय म्हणते ते पाहायचं. न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातल्या बे एरियात मुलांना बेसबॉलला नेणाऱ्या आईबाबांना प्रो ग्रेड बॅटचा आकडा बहुधा शंभर डॉलरच्या वर दिसेल. ‘ब्लेम’ (ब्लेमिश, म्हणजे डाग असलेला) म्हणून स्वस्तात निघणारा माल अशा वेळी बघावा. रंगाचा ओघळ, लाकडातला काळसर पट्टा एवढाच दोष असेल आणि ठिपका सरळ असेल, तर ती बॅट सहीवाल्या दुकानी बॅटपेक्षा जास्त दिवस जाईल.

भारतात गोष्ट निराळी. इथे ऑनलाइन मिळणाऱ्या बऱ्याच ‘बेसबॉल बॅट’ गाडीच्या सीटखाली ठेवायला घेतल्या जातात. जाहिरातीतच ‘स्वसंरक्षण’ लिहिलेलं असतं, आणि लाकूड कोणतं याचा पत्ता नसतो. त्यांनी खरा चेंडू मारू नये. जिल्हा-राज्य पातळीवर खेळणाऱ्याला बांबूच्या पट्ट्या चिकटवून केलेली बॅट सरावाला परवडते. ती अखंड लाकडापेक्षा चिवट असते आणि जपानमध्येही सरावात वापरतात. फक्त अमेरिकेत खेळायचं असेल तर आधी लीगचे नियम विचारावेत. कॉलेज आणि हायस्कूलच्या नियमांत एकाच अखंड लाकडाच्या बॅटला प्रमाणपत्र लागत नाही, चिकटवलेल्या बॅटला लागतं, आणि ते बॅटवर छापलेलं नसेल तर अंपायर ती मैदानाबाहेर ठेवायला सांगतो.